एकटीनं काय हुतंय

शुक्रवार पेठ, सोलापूर
८ फेब्रुवारी २०२५

चि. सिद्धप्पास,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. घ्यायचे की नाही ते तुझं तू बघ. व्हॉट्सअॅपवर तू मला ब्लॉक केलंस, फोन उचलत नाहीस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, आणि तुमच्या गावचा पोस्टमन पत्र देऊन झाल्यावर चहा होईपर्यंत कट्ट्यावरून हलत नाही. 'अक्का काय म्हणतायत?' हे तो विचारणारच. तेव्हा वाच.

महानंदाला बोल लावू नकोस. तुझी रील तुझ्या बायकोनं मला पाठवलेली नाही. प्रतिक्षानं पाठवली, माझी जुनी विद्यार्थिनी, जी आता कारखान्याच्या गटऑफिसात ऊस बघते. खाली लिहिलं होतं, 'मॅडम, हे तुमचेच भाऊ ना?' इतकी वर्षं बार्शीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून शेवटी हे वाचायला मिळालं.

काय तो थाट. फेटा काय, गॉगल काय, खाली 'ऊसमित्र सिद्धप्पा' अशी सोनेरी अक्षरं काय. काशम्माच्या बांधावर उभा राहून उसाचं पान उलटं करतोस, पानावरची पांढरी लोकर दाखवतोस आणि सांगतोस, "मित्रांनो, शिवारात लोकरी मावा आलाय. आला कुटनं? तर ह्या शेजारच्या फडातनं. एकटी बाई हाय, फवारणी न्हाय, निगा न्हाय. एकीची घाण, सगळ्या गावाला ताप." पाच हजार लोकांनी त्याला अंगठा दिलाय. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, फेटा बांधून मारलेल्या पहिल्यांदाच पाहिल्या.

तो मावा कुठनं आला ते मी सांगते.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात कडब्याची झोपडी, कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, भज्जी-अंबील खायची आणि अंबिलाचं चर पिकाभोवती शिंपायचं, हे अव्वाच्या, आपल्या आईच्या, वेळेपासून आपल्याकडं चालत आलंय. पण कडबा हवा तर शाळू पेरावा लागतो. तू सगळ्या रानात ऊस केलास, जनावराला तोंडी लावायला चार ताटं ठेवली नाहीस. मग येळवस आली आणि साहेबांना कडबा नाही. पाहुणे बोलावलेत शंभर, कोप रीलमध्ये हिरवीगार दिसली पाहिजे. म्हणून नदीकाठच्या तोडणीच्या टोळीकडून ट्रॉलीभर वाडं आणलंस. वाडं म्हणजे उसाचे शेंडे, म्हशीचं खाणं. त्याची कोप करून त्यात देव बसवणारा आपल्या शिवारात तू पहिला.

मी पांडवांना कुंकू लावायला वाकले तेव्हा पानाच्या पाठीवर ती लोकर दिसली. बाहेर येऊन तुला म्हटलं, सिद्धू, ही कोप आत्ता पेटव, जेवणं झाडाखाली होतील. तू पाहुण्यांकडं बघून हसलास. "अक्का, दोन-चार किडं असतील की. एकटीनं काय हुतंय? जोडीदार नगं का?" तेवढ्यावर भागलं नाही म्हणून आवाज चढवलास, "तुला तर म्हाईतच हाय." सगळे हसले. मी लग्न केलं नाही हा एकच विनोद तू तीस वर्षं पुरवून पुरवून वापरतोस.

अक्का रागानं न जेवता गेली असं तू सांगत फिरतोस. गेले, पण चर शिंपून होईपर्यंत बांधावर होते. अंबिलात बुडवायला आपल्याकडं कडुलिंबाची डहाळी घेतात. ती दिसायला साधी. तू कोपीतला वाड्याचा एक लांबलचक शेंडा उपसलास आणि तो झटकत, येळवशीचं 'होलगे होलगे' ओरडत, आपल्या सगळ्या उसाभोवती फिरलास, थेट काशम्माच्या बांधापर्यंत. मागं कॅमेरा. ती रीलही तुझ्या पानावर अजून आहे. शेंड्यावर पांढरं काय आहे ते मोठं करून बघ. पिकाला आशीर्वाद देता देता तू कीड पेरत गेलास, हाताने, वाजत-गाजत.

आता तुझा तो जोडीदार. लष्करी अळीचा पतंग चुकून एकटा एखाद्या गावात येऊन पडला तर तो जोडी शोधत फिरतो, न सापडली तर म्हातारा होऊन मरतो आणि गावाला कळतही नाही. नर-मादी लागणाऱ्या पुष्कळ किडी नव्या मुलखात अशाच फुकट जातात. पुरेशा संख्येनं एकदम आल्या तरच रुजतात. लोकरी माव्याचं तसं नाही. आपल्याकडच्या उसात त्याचा नर बघायला मिळत नाही. मादी अंडी घालत बसत नाही, जिवंत पिल्लं देते, सगळ्या मुली. त्या मुली जन्माला येतात तेव्हाच त्यांच्या पोटात पुढच्या मुली वाढायला लागलेल्या असतात. न लग्न, न मांडव. एक आली की गाव वसलं.

तेव्हा दुसरी रील कर. 'कीड माझ्या कोपीतनं आली, काशम्माचा दोष न्हाय' एवढंच म्हण. गटऑफिसात तुझ्या शब्दावर तिचा फड 'किडीचं मूळ' म्हणून धरलाय आणि तोडणीचा नंबर शेवटी ढकललाय. नवरा हैद्राबादला गेला तो गेला. त्या दोन एकरावर ती आणि तिची पोरगी जगतात, हे तुला मी सांगायला नको.

तुझी अक्का


शुक्रवार पेठ
१९ फेब्रुवारी

सिद्धप्पा,

रील केलीस, बघितली. मी सांगितलेली नव्हे, तिसरीच.

उसात कामगंध सापळे लावलेस. ओळीनं, पिवळेधमक, जत्रेतल्या फुग्यांसारखे. आणि एकेक सापळा कॅमेऱ्यात उलटा करून दाखवलास. "मित्रांनो, बघा, एकबी नर न्हाय. नर न्हाय म्हंजे पैदास न्हाय. पैदास न्हाय म्हंजे कीड संपली."

मी ते दोनदा लावलं. एकदा विश्वास बसला नाही म्हणून, दुसऱ्यांदा बसला म्हणून.

अरे शहाण्या, कामगंध सापळा म्हणजे मादीचा वास लावून नराला फसवायचा डबा. खोडकिडीला चालतो, लष्करी अळीला चालतो, कारण त्यांना नर असतो. ज्या जातीत नवरदेवच नाही, तिच्या दारात तू घोडा घेऊन उभा राहिलास आणि म्हणतोस, वर आला नाही, लग्न मोडलं. सापळ्यातून खाली बघितलं असतंस तर तुझ्या बुटांशेजारच्या पानावर सगळं माहेर नांदत होतं. रीलमध्येही दिसतंय. खाली कुणीतरी लिहिलंय, 'दादा पानावर कापूस कसला?' त्याला तू ब्लॉक केलंस. हे एक शास्त्र तुला चांगलं जमलंय.

आणि ड्रोन आणून औषध मारलंस म्हणे. मार. माव्याला खाणारी एक अळी असते, डिफा नावाच्या बारक्या पतंगाची. ती लोकरीत शिरून मावा फस्त करते. थंडी सरताना ती आपोआप येते. तुझ्या औषधानं आधी ती मरेल, कारण ती उघड्यावर हिंडते. मावा पानाच्या पाठीला लोकर पांघरून बसलेला असतो; त्यातली एखादी वाचतेच. आणि एक वाचली की काय होतं ते मागच्या पत्रात लिहिलंय.

काशम्माला मी निरोप धाडलाय, काही झालं तरी फवारू नको. तिला ड्रोन द्यायला तू नकारच दिला होतास, त्यामुळं माझा सल्ला पाळणं तिला सोपं गेलं.

ईरम्मा


शुक्रवार पेठ
६ मार्च

सिद्धप्पा,

काल गावात येऊन गेले. तुझ्या घरावरून गेले, आत आले नाही. कुत्रं ओळखतं मला, भुंकलं नाही. तू माडीवरून बघत होतास.

टोळी काशम्माच्या फडात शिरलीच नाही. 'किडीचा ऊस, अंगाला खाज सुटती' म्हणून मुकादमानं हात वर केले, आणि तुझी रील काढून दाखवली. शेवटी तिनं गुऱ्हाळवाल्याला दिला, मातीमोल. मी गेले तेव्हा पाचट गोळा करत होती. मला म्हणाली, "अक्का, चा ठेवू का? दूद न्हाय, काळा चालंल का?" मी म्हटलं, तुला माझ्या भावाचा राग येत नाही का गं? तर म्हणते, "राग करून ऊस उभा ऱ्हातोय व्हय?"

खरं सांगू, तिला राग येत नाही याचाच मला संताप येतो. दोघींच्या वाट्याचा मलाच करावा लागतो, आणि या वयात तो झेपत नाही.

बांधाकडचा एक पट्टा मी तिला न तोडता उभा ठेवायला सांगितलाय. त्यात डिफाच्या अळ्या आल्यात. पान उलटं करून बघितलं, लोकर आतून पोखरलेली होती. बाकीच्याचा खोडवा ठेवलाय तिनं, बुडख्यांतनं पुन्हा फुटू दिलाय.

अजून एक. काशम्माचं रान तुझ्या विहिरीला लागून आहे आणि ती कंटाळून ते विकून जाईल याची तू वाट बघतोयस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. तू चौथीत असताना माझी शाई सांडून मांजरावर ढकलली होतीस, तेव्हापासून मी तुला ओळखते. तेव्हा निदान मांजर तरी आपलं होतं.

ई.


शुक्रवार पेठ
१४ सप्टेंबर

सिद्धप्पा,

महानंदाचा फोन आला. रडत होती. म्हणाली, पाऊस थांबून आभाळ भरून राहिलं आणि सगळा ऊस पांढरा झाला. खालच्या पानांवर चिकटा गळतोय, त्याच्यावर काळी बुरशी चढलीय, फडातनं आलेल्या माणसाचा सदरा काठीवर उभा राहील असा कडक होतोय. तीनदा फवारलं म्हणाली.

मला आनंद झाला नाही असं लिहिणार होते. पण खोटं बोलण्याचं खातं आपल्या घरात तुझ्याकडं आहे, मी त्यात हात घालत नाही. झाला आनंद. संध्याकाळपर्यंत टिकला. मग अव्वा त्याच रानात वाकून भांगलायची ते आठवलं आणि जेवण गेलं नाही.

काशम्माचा खोडवा हिरवा आहे. मावा तिथंही आला होता. त्याला खाणारेही आले, कारण त्यांना कुणी मारलं नव्हतं. अंगठा देणाऱ्या पाच हजारांना हे कळव.

ई.


शुक्रवार पेठ
२ नोव्हेंबर

सिद्धप्पा,

काय चमत्कार. ब्लॉक निघाला. इतक्या महिन्यांनी भावाचा मेसेज, तोही चार शब्दांचा: 'अक्का, पानं मिळतील का.' पुढं प्रश्नचिन्हही नाही. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

मी तुला मेसेजनं उत्तर देणार नाही. पोस्टमनच्या चहाची सोय बंद पडायला नको.

कळलेलं दिसतंय तुला कुठूनतरी, की डिफाच्या अळ्या असलेली पानं कापून किडीच्या फडात जागोजागी अडकवली तर त्या पुढचं काम करतात. बरोबर आहे. आणि या माव्यावर ते चांगलंच लागू पडतं, का, तेही ऐक. नर नाही म्हणून ही कीड झपाट्यानं पसरते, पण त्याच कारणानं तिच्यात नवं काही येत नाही. आई तशी लेक, लेक तशी नात. एकीच्या अंगी जो बचाव नाही तो कुणाच्याच अंगी नाही. तिला खाणारा एकदा नीट रुजला की सगळ्या घराण्याला पुरतो. डिफाला मात्र नर-मादी दोन्ही लागतात, तिला वाढायला वेळ द्यावा लागतो, आणि औषध मारणाऱ्याला धीर नसतो.

अशी पानं आख्ख्या शिवारात एकाच ठिकाणी आहेत. जिच्यावर तू फेटा बांधून थुंकलास तिच्या फडात.

पानं मिळणार नाहीत. मी काशम्माला तसं कळवते. मिळतील कधी, तर तू चार माणसं घेऊन तिच्या बांधावर जाशील, कीड माझ्या कोपीतनं आली असं म्हणशील, ते रीलमध्ये घालशील, आणि गटऑफिसात जाऊन तिच्या फडावरचा डाग पुसशील, तेव्हा. यंदाही तिचा नंबर शेवटी लागलाय. उन्हाळ्यापर्यंत थांबला तर तो ऊस वाळून चिपाड होईल, आणि आणखी एक वर्ष गुऱ्हाळावर घातलं तर ती रान विकेल. तुझा नंबर डिसेंबरातच आहे, प्रतिक्षानं सांगितलं. तुझा पांढरा ऊस आधी आणि तिचा हिरवा शेवटी, हा तुमच्या कारभाराचा न्याय.

एवढ्या अटी आहेत. एकही कमी होणार नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे. अव्वाचाच आहे, जसाच्या तसा.

ईरम्मा


शुक्रवार पेठ
२१ डिसेंबर २०२५

सिद्धू,

परवा येळवशीला आले ते महानंदानं बोलावलं म्हणून. तू बोलावलं नव्हतंस, त्यामुळं तुझ्याशी बोलायची सक्तीही नव्हती. बोलले नाही. जे म्हणायचं ते इथं लिहिते.

एसटीतून उतरून बांधावर आले तर काशम्माच्या फडात टोळी. गाड्या लागलेल्या, कोयते चाललेले. मला वाटलं, तुझ्या गावानं तिचा ऊस पाडून टाकायचं ठरवलं. त्या वयस्कर मुकादमाला मी काय काय बोलले ते तू ऐकलंसच, तू विहिरीजवळ होतास. नंतर त्याची माफी मागावी लागली. प्रतिक्षा जीपमधून उतरली म्हणून थांबले, नाहीतर त्याच्या सात पिढ्या काढणार होते.

"मॅडम, तोडणीच चाललीय," ती म्हणाली. "तुमच्या भावाचा नंबर काशम्माला दिलाय. ते स्वतःच येऊन म्हणाले."

मी म्हटलं, काय म्हणाला तो, शब्दशः सांग.

"सगळे बसले होते ऑफिसात. उभे राहिले आणि म्हणाले, 'कीड माज्या येळवशीतनं आली. काशम्माचा आदी तोडा, माजा शेवटी लावा.' साहेबांनी कारण विचारलं तर म्हणाले, 'कारण सांगितलं की.' आणि निघून गेले."

हे झालं नोव्हेंबरात. आणि तू मला कळवलं नाहीस. का, तेही मला ठाऊक आहे: अक्का म्हणेल, बघ, मी म्हणत नव्हते का. म्हणालेच असते.

मला वाटलं, माझ्या पत्रांनी केलं हे. तुला खोटं कशाला सांगू, छाती फुगली. तशीच काशम्माकडं गेले. म्हटलं, मागायला आला का तो शेवटी पानं? बांधावर आला? चार माणसं होती?

ती म्हणाली, "न्हाय की. त्येनी कुटं आले. मीच पाटी भरून नेली. तुमचा निरोप आला पानं देऊ नको म्हणून, त्याच सकाळी."

मी म्हटलं, अगं, निरोप काय होता आणि केलंस काय?

"अक्का, किडीला बांध दिसत न्हाय," ती म्हणाली. "तेंच्या फडात ऱ्हायली तर परत माज्याकडंच येणार. आन् महानंदावैनी रडत हुत्या. मी पानं बांधून देऊ लागले तर तुमचं भाऊ हुबं ऱ्हायलं नुसतं. मग पाटी माज्या हातातनं घेतली त्येनी."

बस. एवढंच झालं. मी पाच पत्रं लिहिली, एकाहून एक झणझणीत. पालथ्या घड्यावर पाणी. त्यातली दोन मी इथं शेजारणीला वाचूनही दाखवली होती, इतकी आवडली होती मला. ती एकटी बाई डोक्यावर पाटी घेऊन आली आणि तुझ्या तोंडून दहा महिन्यांत न निघालेलं वाक्य दुसऱ्या दिवशी निघालं. तिच्या अंगात माझ्याएवढा राग असता तर आज तुझाही ऊस गेला असता आणि तिचाही. हे लिहायला मला जड जातंय, म्हणून एकदाच लिहिते.

एकटीनं काय हुतंय, सिद्धू? कळलं असेल आता. मलाही कळलं.

तुझा नंबर शेवटी गेला. चैतापर्यंत ऊस उभा राहील, वजन घटेल. घटू दे. मला वाईट वाटतंय असं समजू नकोस. थोडंसं वाटतंय.

कोप यंदा कडब्याची होती. कुणाकडून मागून आणलास ते विचारलं नाही. लहान होती, आत जेमतेम पांडव मावत होते, आणि तुझ्या हातात फोन नव्हता. मग चर शिंपायची वेळ झाली. हे काम घरच्या पुरुषाचं. अव्वा गेली तोवर तिलाही ते कधी मिळालं नाही, मी तर मागितलंही नाही. तू अंबिलाचं मडकं उचललंस, कडुलिंबाची डहाळी घेतलीस आणि दोन्ही काशम्माच्या हातात दिलीस. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. ती निघाली, आधी तिच्या रानाभोवती, मग बांध ओलांडून आपल्या. 'होलगे होलगे' कुणी म्हणेना. मग तू म्हणालास, हळू, आणि महानंदा म्हणाली.

मी बाभळीमागं उभी होते. मला रडू आलं. महानंदाला सांगितलंय की भज्जी तिखट होती. तू खरं कारण ठेव.

मान मिळाला तो तिला मिळाला हे योग्यच झालं. पण ते मडकं एकदा माझ्या हातात दिलं असतंस, कधीही, एखाद्या वर्षी, तर मी मोडले नसते रे.

आशीर्वाद. या वेळी पद्धत म्हणून नाही.

अक्का

ता. क. काशम्मावरची ती रील तुझ्या पानावर अजून तशीच आहे. गटऑफिसात दहा माणसांसमोर खरं बोललास आणि पाच हजारांसमोर खोटं ठेवलंयस. काढ ती. मी रोज बघते.